दांडीवरचं मूल

फुलचूरला सायकलवर मूल चार जागी बसतं. बापाच्या पुढ्यात दांडीवर, खाली टॉवेलची घडी. मागे कॅरिअरवर, दोन्ही बाजूंना पाय सोडून. आईच्या मांडीवर, आणि ती आई स्वतः कॅरिअरवर एका अंगाला बसलेली. चौथी जागा शाळेत निघालेल्या मोठ्या बहिणीच्या मागे. दप्तर बहिणीच्या पाठीवर आणि धाकट्याने दप्तराचा पट्टा धरलेला. सकाळी नाक्यावर दहा मिनिटं उभं राहा, चारही प्रकार दिसतात. खास मुलासाठी बनवलेली सीट मात्र दिवसभर उभं राहिलं तरी दिसेलच असं नाही.

आमचं गाव गोंदिया शहराला इतकं चिकटलेलं आहे की शहर कुठे संपलं आणि फुलचूर कुठे लागलं हे पाहुण्याला कळत नाही. इथली माणसं रोज शहरात जातात-येतात. कुणी राइस मिलमध्ये, कुणी दुकानात, कुणी बांधकामावर, कुणी धुण्याभांड्याला. मी एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगी सव्वादोन वर्षांची, वजन अकरा किलो. तिला वाटेत नणंदेकडे सोडायचं आणि ड्युटीवर जायचं. गाडी घेण्याइतके पैसे सध्या नाहीत, सायकल आहे. म्हणून सीट बघायला गोंदियाच्या बाजारात गेले.

दुकानदार म्हणाला, "ताई, सीट काहून पायजे? दांडीवर बसवा ना. आपण सारे तसेच मोठे झालो."

"भाऊ, माझ्या सायकलला दांडीच नाही."

माझी सायकल लेडीज. आठवीत असताना शाळेतून मिळालेली. माझं माहेर सालेकशाकडचं. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यातली ही. लग्नात आईने तीच सोबत दिली. तिला पुढे टोपली आहे, मागे कॅरिअर आहे, चेनवर कव्हर आहे. दुकानातून परत येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्या सायकलवर बाई बसणार असं गृहीत धरून ती बनवली, तिच्यावरच मुलाला बसायला दांडीसुद्धा नाही. हे कोणी आणि कधी ठरवलं? रात्रपाळीत मोकळा वेळ मिळेल तसं मी हे वाचत गेले.

आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा साचा १८८५ सालचा आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढं चाक आणि मागे छोटंसं. त्यावरून माणूस पडला की थेट तोंडावर. स्टार्लींच्या सायकलची दोन्ही चाकं जवळपास सारखी होती, पॅडलची ताकद चेनमधून मागच्या चाकाला जायची आणि पाय जमिनीला टेकायचे. म्हणून तिला 'सेफ्टी' सायकल म्हणू लागले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलप यांनी हवेचा टायर आणला आणि हाडं खिळखिळी होणंही थांबलं. सेफ्टी हा शब्द सायकलच्या नावातच होता. फक्त ती चालवणाऱ्याची सेफ्टी होती.

थोड्याच वर्षांत फ्रेमला तो पतंगासारखा आकार आला, जो अजून चालू आहे. वरची आडवी नळी, म्हणजे आपली दांडी, ही फ्रेम मजबूत करण्यासाठी आहे. नळ्यांचा त्रिकोण दाबला तरी वाकत नाही, हे साधं गणित त्यामागे आहे. दांडीवर कोणी बसावं असं कुणाच्या मनात नव्हतं.

मग बायका सायकल चालवू लागल्या. त्यांचे झगे घोट्यापर्यंत, आणि दांडी असली की झगा अडकतो. कारखानदारांनी दांडी काढून नळी खाली वाकवली, आणि लेडीज सायकल तयार झाली. पुढची अडचण आली की झग्याचं टोक मागच्या चाकात जातं. त्यावरही उपाय काढला. मडगार्डच्या कडेला भोकं पाडून तिथून चाकाच्या मधल्या भागापर्यंत दोऱ्यांची जाळी विणली. जुन्या विलायती लेडीज सायकलींच्या फोटोत ती जाळी अजून दिसते, एखाद्या वीणेच्या तारांसारखी. नेदरलँड्समधल्या सायकलींना त्या जागी आजही कापडाचं किंवा प्लास्टिकचं आच्छादन असतं. चाकाच्या आऱ्यांमध्ये काही जाऊ नये यासाठी काय करायचं, हे माणसाला १८९० च्या दशकात ठाऊक होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडे आली ती विलायती सायकल. मराठी माणसाच्या सायकल-इतिहासात पहिलं ठळक नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. नांगर आणि पंप बनवायच्या कितीतरी आधी, १८८८ च्या सुमारास, किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्या काळातली सायकल म्हणजे साहेब, वकील, डॉक्टर यांचं वाहन. त्यांच्या घरी पोरं टांग्यात बसायची. सायकलवर मूल न्यायची वेळ आली ती सायकल गरिबाच्या घरी पोचल्यावर.

आमच्या भागात ती पोचली रेल्वे आणि मिलच्या पाठोपाठ. बंगाल-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग गोंदियावरून गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडची नॅरोगेज जोडली गेली आणि गोंदिया जंक्शन झालं. जंक्शनभोवती धानाचा व्यापार, तांदळाच्या गिरण्या, तेंदूपान आणि विडी. या धंद्यांना पहाटे येणारी आणि अंधारात परतणारी माणसं लागतात, आणि ती आसपासच्या गावांतून येतात. पायी येणारा माणूस पैसे साठले की सायकल घेतो. माझ्या आजेसासऱ्यांनी मिलमध्ये पोती उचलून घेतलेली सायकल आमच्या अंगणात अजून उभी आहे. बावीस इंची फ्रेम, अठ्ठावीस इंची चाकं, तारेऐवजी लोखंडी सळ्यांचे ब्रेक, आणि एकटीने उचलायला गेलं तर कंबर धरेल असं वजन.

ही काळी सायकल स्वातंत्र्याच्या आगेमागे देशातच बनू लागली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स उभी राहिली, त्याच सुमारास बंगालात आसनसोलजवळ सेन-रॅले. १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानात मुंजाल बंधूंची हीरो. १९८६ मध्ये हीरोचं नाव जगातली सगळ्यांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं. इतक्या सायकली बनल्या, पण साचा तोच राहिला. इंग्रज कारकुनासाठी रेखाटलेली सायकल आपल्या माणसाने पोतं वाहायला वापरली. दुधाचे कॅन, गॅसचं सिलिंडर, तेंदूपानाचे गठ्ठे, धानाचं कट्टं, सगळं कॅरिअरवर चढलं. कॅरिअर जाड झालं, मागचा स्टँड दणकट झाला. मूलही त्याच कॅरिअरवर बसलं, पोत्याच्या जागी. पोत्याला लोंबकळणारे पाय नसतात, एवढाच फरक.

कायद्याच्या नजरेत तर सायकलवरचा दुसरा माणूस हा गुन्हाच होता. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी विचारून बघा. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला, रात्री दिवा लावायची सक्ती, आणि 'डबलसीट' दिसलं की चौकातला शिपाई. मराठी सिनेमाने आणि विनोदी लेखकांनी डबलसीटवर भरपूर हसून घेतलं आहे. पण त्यामागे एक गोष्ट निसटते. दुसरा माणूस बसणंच चूक मानलं, की त्याने कसं बसावं हा विचार कुणी करत नाही. शिपाई दिसला की पोराला उतरवायचं, चौक ओलांडला की परत बसवायचं, एवढ्यावर पिढ्या निघाल्या. आणि यातली घरं थोडीथोडकी नव्हती. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती.

आता माझ्या कामाकडे येते, कारण हा सगळा इतिहास मी रोज ड्रेसिंगच्या टेबलावर बघते.

मागे कॅरिअरवर बसलेल्या मुलाचा पाय चाकात जातो. दोन ते आठ वर्षांचं मूल, पायात चप्पल किंवा काहीच नाही, बसून बसून झोप आलेली. वळणावर पाय आत जातो. आपल्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला चाळीस आरे असतात, पुढच्याला बत्तीस. हिशेब करून बघा. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने चाललं तर हे चाक सेकंदाला जवळपास दोन फेरे घेतं, म्हणजे एका सेकंदात पंचाहत्तरएक आरे एका जागेवरून जातात. पाय आत गेला की आरे त्याला ओढतात आणि फ्रेमच्या मागच्या नळीवर नेऊन दाबतात. त्यामुळे एकाच पायाला तीन प्रकारची इजा होते. तार कापते, नळी चिरडते आणि चाक कातडी ओरबाडून मागे सारतं. टाच, घोटा आणि टाचेमागची जाड शीर, बहुतेक वेळा इथेच.

यातली फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी जखम छोटी दिसते. १९६९ मध्येच अमेरिकन बालशल्यचिकित्सकांनी या इजेवर लिहिताना बजावलं होतं की ही 'किरकोळ' समजून सोडली जाते. चिरडलेली कातडी पहिल्या दिवशी निळसर असते, दोन-तीन दिवसांनी काळी पडते आणि मग गळून पडते. आई-वडील हळद लावून, कपडा बांधून घरी ठेवतात आणि चौथ्या दिवशी वास यायला लागल्यावर आणतात. त्यांच्यावर चिडायचं माझ्याने होत नाही. बापाचा चेहरा बघितला की कळतं, सायकल तोच चालवत होता. तुमच्या घरी असं झालंच तर एवढं करा: वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, चुना, हळद, पेस्ट काहीही न लावता स्वच्छ कापडात गुंडाळा, पाय उंच ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. जखम बारीक असली तरी. दोन दिवसांनी पुन्हा दाखवा.

मघाशी ती दोऱ्यांची जाळी लक्षात ठेवायला सांगितली होती. झगा चाकात जाऊ नये म्हणून जे सव्वाशे वर्षांपूर्वी केलं, ते पाय चाकात जाऊ नये म्हणून आपल्या सायकलवर कोणी केलं नाही. मोटरसायकलवर मात्र केलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं संरक्षण सांगितलेलं आहे. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. सायकलवरचं मूल मधल्यामध्ये राहिलं.

लोकांनी आपापला उपाय काढला, तोही सांगायला हवा. सायकल मिस्त्रीकडे लोखंडी सळईची आणि प्लास्टिकच्या वायरने विणलेली छोटी खुर्ची मिळते, ती कॅरिअरवर तारेने आवळतात. दांडीवर बसवायची छोटी गादीवाली सीटही मिळते. चांगल्या मिस्त्रीची असेल तर खाली पाय ठेवायला दोन खुंट्या असतात. मला या वस्तूंचं कौतुक आहे. कुठल्याही मोठ्या कारखान्याने विचारलं नाही, तेव्हा गल्लीतल्या माणसाने मुलाच्या बुडाचं माप घेतलं. पण यातल्या बऱ्याच सीटना पट्टा नसतो आणि पायाला आडोसा नसतो. मूल बसतं, सुटं बसतं.

दांडीच्या बाबतीत सगळ्यांत मजेशीर हकिगत तमिळनाडूतली सापडली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची असं ठरलं आणि गावोगावच्या हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीताई, नर्स. पत्रकार पी. साईनाथ तिथे गेले होते. त्यांनी एक बारीक गोष्ट टिपली. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्या जास्त आवडल्या, कारण जेंट्स सायकलला दांडी असते आणि दांडीवर मूल बसवता येतं.

हे वाचलं तेव्हा मी नवऱ्याला फोन लावून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग तू आजोबांची सायकल चालव." त्या सायकलवर माझे पाय पुरत नाहीत, हा भाग वेगळा. पण शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या बाईच्या झग्यासाठी काढलेली दांडी पुदुकोट्टईतल्या साडीवाल्या बाईला परत हवी होती, तीही मुलासाठी. लेडीज सायकल कुणाला विचारून बनवली हे यातून नीट कळतं. मला शाळेतून मिळालेली सायकलही त्याच साच्यातली. विद्यार्थिनी म्हणून ती मला उत्तम होती. बिहारने २००६ मध्ये मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि मुलींचं शाळेत टिकणं वाढल्याचं दाखवलं. माझ्यापुरतं मला अभ्यासाची गरज नाही. ही सायकल नसती तर मी दहावीनंतर घरी बसले असते. पण ती मुलगी पुढे आई होईल आणि सायकल तीच राहील, एवढा लांबचा विचार त्या साच्यात नाही.

दुसऱ्या देशांत काय झालं ते बघताना मला श्रीमंती-गरिबीपेक्षा वेगळाच फरक दिसला. नेदरलँड्समध्ये वेताच्या विणलेल्या मुलांच्या सीट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होत्या, आपल्या मिस्त्रीच्या खुर्चीच्या चुलत बहिणी म्हणा. तिथल्या वाहतूक नियमात आठ वर्षांखालच्या मुलाला सायकलवर न्यायचं तर पाठ, हात आणि पाय यांना आधार देणारी सुरक्षित जागा हवी, असं लिहिलं आहे. जर्मनीचा नियम आणखी नेमका आहे. सात वर्षांखालचं मूल न्यायला चालवणारा किमान सोळा वर्षांचा हवा, मुलासाठी वेगळी सीट हवी, आणि मुलाचे पाय आऱ्यांमध्ये जाणार नाहीत अशी चाकाला आडोशाची सोय हवी. आरे हा शब्द थेट कायद्यात आहे. ज्याने हे लिहिलं त्याने कधीतरी एखादी टाच पाहिली असणार.

जपानची गोष्ट तर आपल्या डबलसीटच्या उलटी आहे. तिथे आया ज्या सायकलवर मुलांना पाळणाघरात सोडतात तिला 'ममाचारी' म्हणतात. एक मूल पुढे, एक मागे, हे सर्रास चालायचं आणि नियमात बसत नव्हतं. २००८ मध्ये पोलिसांनी दोन मुलं नेण्यावर कडक बंदीचा विचार सुरू केला तेव्हा आयांनी विरोध केला: मग आम्ही मुलांना न्यायचं कसं? शेवटी उलटा मार्ग निघाला. दोन मुलं नेता येतील अशी भक्कम फ्रेमची, चांगल्या ब्रेकची, न डगमगणाऱ्या स्टँडची सायकल कंपन्यांनी बनवायची, आणि अशा सायकलवर दोन मुलं न्यायला परवानगी द्यायची. जुलै २००९ पासून ती लागू झाली. चौकात पोराला उतरवून चालत जाण्यापेक्षा हे बरं.

आपल्याकडे याच्या जवळ येणारा नियम फेब्रुवारी २०२२ चा आहे, आणि तो मोटरसायकलचा आहे. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला मोटरसायकलवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी चाळीसच्या वर जाता कामा नये. वर्षभराने, फेब्रुवारी २०२३ पासून, तो लागू झाला. गंमत म्हणजे मुलाच्या मापाचं मोटरसायकल-हेल्मेट सहज मिळत नाही म्हणून सायकलचं हेल्मेटही त्या नियमात चालतं. सायकलचं हेल्मेट घालून मूल मोटरसायकलवर बसलं तर नियमात आहे. तेच मूल सायकलवर बसलं तर त्या नियमाला त्याच्याशी देणंघेणं नाही, कारण सायकल मोटार वाहन नव्हे.

तर मग निवडायचं कसं? इथे मी जे ठरवलं ते सांगते. तुमची सायकल, मूल आणि रस्ता वेगळा असेल.

आधी वय. बाळ स्वतःच्या बळावर नीट बसत नाही, मान धरत नाही, तोवर सायकलवर न्यायचंच नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर नेऊ नका असंच सांगतात. आपले रस्ते धरले तर मी दीड वर्ष म्हणेन. आईच्या मांडीवरचं बाळ सुरक्षित वाटतं, पण ती आई स्वतः एका अंगाला बसलेली असते, हात बाळाला धरण्यात गुंतलेले, आणि तिचा पदर किंवा ओढणी चाकाच्या बाजूला. चारही जागांमधली ती मला सगळ्यांत भीतीदायक वाटते.

मग पुढे की मागे. पुढची सीट लहान मुलाला, बोलता येतं, डोळ्यांसमोर राहतं. युरोपच्या मानकात पुढच्या सीटची मर्यादा पंधरा किलो आहे, मागच्या मोठ्या सीटची नऊ ते बावीस किलो. अकरा किलोची माझी मुलगी पुढच्या सीटमधून वर्ष-दीड वर्षात बाहेर पडली असती. शिवाय सळईच्या ब्रेकची सायकल असेल तर मुलाची बोटं हँडल आणि ब्रेकच्या दांड्यामध्ये सापडतात. आणि मुळात माझ्याकडे दांडी नाही. म्हणून मागची.

मागच्या सीटमध्ये मी तीन गोष्टी बघितल्या. पाठ खांद्यांच्या वर जाते का, कारण मूल झोपतं आणि झोपलेलं डोकं कुठेतरी टेकायला हवं. पट्टा दोन्ही खांद्यांवरून येऊन मधे अडकतो का. नुसता कमरेचा पट्टा असेल तर मूल खालून घसरतं. आणि पाय. पायाला दोन्ही बाजूंनी भिंत असलेलं खोबण हवं आणि त्यात पाऊल बांधायची पट्टी हवी. दुकानातली विणलेली खुर्ची पाहिली, ऑनलाइन एक कापडी पट्ट्यांची स्वस्त सीट पाहिली, त्यांना पायाची खोबण नव्हती. तिथेच नाही म्हटलं. रंग, गादी, मिकी माउस हे सगळं नंतर.

शेवटी प्लास्टिकची, उंच पाठीची, खोबण असलेली सीट मागवली. ती बसवायला मिस्त्रीकडे गेले तर त्याने आधी सीटला हातच लावला नाही. कॅरिअर धरून गदागदा हलवलं. एका बाजूचा नट झिजलेला निघाला. "ताई, सीट कितीही भारी घ्या, ती बसून राहिली याच्यावर," तो म्हणाला. तिकडच्या कॅरिअरवर किती किलो चालतील ते कोरलेलं असतं. आपल्या सायकलच्या कॅरिअरवर शोधून काही सापडलं नाही. त्याने जाड पट्टीचं नवं कॅरिअर टाकलं, चारही ठिकाणी नट आणि वर चेकनट. जुन्यालाच वेल्डिंग मारून द्या असं मी म्हणणार होते, पण त्याच्या मते वेल्डिंगच्या कडेला लोखंड ठिसूळ होतं आणि रोजच्या धक्क्याने तिथेच मोडतं. सीटच्या कागदावर नळीची जाडी किती ते किती मिलिमीटर चालेल ते दिलेलं असतं. ते सायकलला टेप लावून आधी मोजा, मग पैसे भरा. सीट परत पाठवताना जीव जातो.

दोन गोष्टी कागदावर नव्हत्या. आपल्या सायकलच्या गादीखाली मोठ्या स्प्रिंगा असतात. मागे बसलेलं मूल पुढे हात घालतं आणि मी खड्ड्यात आदळले की स्प्रिंग दबते, मधे तिची बोटं. त्या स्प्रिंगांभोवती मिस्त्रीने जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा गुंडाळून दिला. दुसरी म्हणजे मागच्या चाकाला जाळी. खोबण असूनही मी ती बसवली, कारण मोठी झाल्यावर ती पाय बाहेर काढणारच. बारीक भोकांची प्लास्टिकची जाळी, मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना, नायलॉनच्या दोरीने शिवलेली. मिस्त्रीला वाटलं मी साडीसाठी मागतेय.

स्टँडचं एक सांगायचं राहिलं. आजेसासऱ्यांच्या सायकलचा जुना स्टँड मागचं चाक उचलून सायकल सरळ उभी करतो. माझ्या सायकलला एका बाजूला कलणारा स्टँड होता. मूल सीटमध्ये आणि सायकल कललेली, म्हणजे आडवी व्हायला वेळ लागत नाही. तो बदलून जुन्या पद्धतीचा दुहेरी लावला. तरीही तिला सीटमध्ये ठेवून मी हँडल सोडत नाही. आधी तिला उतरवायचं, मग पिशवी काढायची. चढताना उलट, पिशवी आधी.

हेल्मेट तिने पहिल्या दिवशी फेकलं. दुसऱ्या दिवशी मीही एक घातलं, तेव्हा तिने घातलं. फुलचूर नाक्यावर लोक बघतात, बघू देत. धानाचे ट्रक, कोंड्याच्या ट्रॉल्या आणि भर वेगात येणाऱ्या मोटरसायकली त्याच रस्त्यावर असतात, म्हणून सकाळी मी दहा मिनिटं आधी निघते आणि गल्लीगल्लीने जाते. सासूबाईंनी पहिले दोन दिवस दारात उभं राहून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "एवढा पट्टा आवळते, पोरीला श्वास घेता येते का?" पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी सैल ठेवते, ते त्यांना बोटं घालून दाखवलं.

दर रविवारी नट बघायचे. नवे असताना ते लवकर सैल पडतात. पहिल्या आठवड्यात दोन नट अर्धा आटा फिरले. आणि मे महिन्यात सीटवर ओला पंचा टाकून ठेवायचा, कारण आमच्याकडच्या उन्हात बकलचं लोखंड इतकं तापतं की तिला बसवायच्या आधी ते स्वतःच्या मनगटाला लावून बघावं लागतं.